टकटक वाजणारी हार्ड डिस्क: डेटा परत मिळेल का?

प्रश्न लग्नसमारंभांचे छायाचित्रण करणाऱ्या एका व्यावसायिकाचा आहे. त्यांची २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क कॉपी चालू असतानाच टेबलावरून फरशीवर पडली. तेव्हापासून ती जोडली की टक-टक असा ठराविक अंतराने आवाज येतो, क्वचित ड्राइव्ह दिसते, कधी ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो आणि बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. गावातल्या दुकानदाराने एक रात्रभर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून पाहिले. आता तो डिस्क उघडून ‘प्लेट दुसऱ्या डिस्कमध्ये टाकून देतो’ म्हणतो आहे. आत तीन लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ आहेत. ते परत मिळतील का आणि आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वांत तातडीची गोष्ट आधी सांगतो. ती डिस्क यापुढे एकदाही संगणकाला जोडू नका आणि दुकानदाराकडून ती आजच, न उघडलेल्या स्थितीत परत आणा. मी गेली अठरा वर्षे बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढण्याचे काम करतो. या काळात माझ्या टेबलावर आलेल्या डिस्कांपैकी ज्यांचा डेटा कायमचा गेला, त्यांतल्या बऱ्याच डिस्क पडल्या त्या क्षणी वाचवण्याजोग्या होत्या. डेटा गेला तो पडल्यानंतरच्या काही तासांत, ‘एकदा परत लावून बघू’ या आशेने.

असे का होते, हे डिस्कच्या आत काय चालते ते पाहिले की लक्षात येते. आपल्यासारख्या पोर्टेबल डिस्कमध्ये बहुधा काचेच्या चकत्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर चढवलेला असतो. चकत्या मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९० फेरे फिरतात. चकतीची बाहेरची कड त्या वेळी ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने हेडखालून, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखालून, जात असते. हेड चकतीला टेकत नाही, तर फिरत्या हवेच्या पातळशा गादीवर केवळ काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस काही दहा हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ती उंची किती कमी आहे याची कल्पना येईल. डिस्क चालू असताना आदळली की हेड चकतीवर आपटते. त्यात हेडची पातळ पट्टी वाकते किंवा टोकावरचा वाचणारा भाग निखळतो. यानंतर डिस्क पुन्हा चालू केली, तर ते मोडके टोक चकतीवर टेकूनच फिरू लागते. ठराविक मर्यादेपर्यंत प्रयत्न करून डिस्क स्वतःच थांबते, पण सॉफ्टवेअर आणि माणूस तिला पुन्हापुन्हा उठवत राहतात. चकत्या आठ तास फिरत राहिल्या तर पंचवीस लाखांहून अधिक फेरे होतात. त्या फेऱ्यांत चुंबकीय थर घासून निघाला की त्या जागचा डेटा जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. मी अशा चकत्या पाहिल्या आहेत की ज्यांच्यावर बोटभर रुंदीचे वर्तुळ पूर्ण खरवडले गेले होते आणि त्यातून खालची काच आरपार दिसत होती. त्या डिस्कच्या मालकाला मी ती चकती उजेडासमोर धरून दाखवली होती, कारण ‘काहीतरी करून बघा’ या त्यांच्या विनंतीला त्याहून प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नव्हते.

अपघातापेक्षा त्यानंतरची हाताळणी निर्णायक ठरते, हे मला सर्वांत स्पष्टपणे पुराच्या पाण्यात बुडालेल्या डिस्कांनी शिकवले. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरल्यावर कोकणातून माझ्याकडे काही डिस्क आल्या. साध्या हार्ड डिस्कला आतला आणि बाहेरचा हवेचा दाब समान ठेवण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते झाकू नये अशी सूचनाही अनेक डिस्कांच्या लेबलवर छापलेली असते. पुरात डिस्क तासन्‌तास बुडून राहिली की त्या छिद्रातून आणि सांध्यांतून गढूळ पाणी आत जाऊ शकते. एकाच हिशेबनिसांच्या कार्यालयातून तीन डिस्क आल्या होत्या. दोन त्यांनी केस वाळवण्याच्या यंत्राने कोरड्या करून चालू करून पाहिल्या होत्या. तिसरी राहून गेली म्हणून ओल्या फडक्यात तशीच पिशवीत बांधून आणली होती. वाळवलेल्या दोन डिस्कांत चकतीवर गाळाचा थर चिकटून कडक झाला होता आणि पहिल्याच फेऱ्यात हेड त्यावर आपटून मोडले होते. तिसरीच्या चकत्या स्वच्छ धुता आल्या आणि तिच्यातला जवळजवळ सगळा डेटा निघाला. बुडालेली डिस्क घरी वाळवू नये, ओली असतानाच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत पोहोचवावी, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

आता आपल्या डिस्कच्या आवाजाकडे येतो, कारण आवाजावरून निदानाची पहिली पायरी बांधता येते. चकतीवर हेडला दिशा दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात. शिवाय डिस्क स्वतःच्या वापरासाठी चकतीवर एक राखीव भाग ठेवते, त्याला आम्ही सर्व्हिस एरिया म्हणतो. चालू झाल्यावर हेडला या खुणा किंवा हा भाग वाचता आला नाही, तर हेडचा हात मागे जाऊन अडणीवर आपटतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आपल्याला येणारी टकटक तीच आहे, आणि ती पडल्यानंतर सुरू झाली असेल तर एक किंवा अधिक हेड निकामी झाले आहेत असे समजून चालावे. टकटकीऐवजी बारीक बीप किंवा गुणगुण येत असती, तर हेड चकतीला चिकटून बसले आहे आणि मोटरला फिरता येत नाही असा अर्थ झाला असता. काहीच आवाज नाही आणि कंपही नाही, असे असते तर संशय आधी सर्किट बोर्डावर गेला असता. मोठ्या डेस्कटॉप डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला गेला की बोर्डावरचा संरक्षक डायोड जळून शॉर्ट होतो. अनेकदा तो काढताच डिस्क निमूट सुरू होते आणि मालकाला आपण फारच थोडक्यात सुटलो हे कळते.

रिकव्हरी सॉफ्टवेअर वाईट असते असे माझे म्हणणे नाही. डिस्क यांत्रिकदृष्ट्या निरोगी असेल, फाइल चुकून डिलीट झाली असेल किंवा पार्टिशन उडाले असेल, तर टेस्टडिस्क किंवा आर-स्टुडिओसारखी साधने उत्तम काम करतात आणि ती मी स्वतः वापरतो. मात्र डिस्कची प्रत्येक जागा सुरळीत वाचता येईल असे ती साधने गृहीत धरतात. मोडक्या हेडच्या डिस्कवर ती चालवणे म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला पळवत ठेवणे आहे. विंडोजचे ‘चेकडिस्क’ त्याहून धोक्याचे, कारण दुरुस्तीसाठी चालवले तर ते नुसते वाचत नाही, बिघडलेल्या डिस्कवर लिहिते. फाइलींच्या नोंदी नीट वाचता आल्या नाहीत की ते त्या नोंदी ‘दुरुस्त’ करून टाकते. मग फोल्डरांची रचना जाते आणि ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये अनोळखी तुकडे उरतात. ‘फॉरमॅट करा’ या संदेशाला होकार दिलेला नसेल, तर ती चांगली बातमी आहे. दुकानदाराने रात्री नेमके काय चालवले आणि डिस्कवर काही लिहिले गेले का, हे त्यांना न रागावता विचारून घ्या. ती माहिती पुढे फार उपयोगाची ठरते.

प्लेट बदलण्याच्या प्रस्तावाला स्पष्ट नकार द्या. पडलेल्या डिस्कमध्ये सहसा हेड बदलावे लागतात, चकत्या नाहीत. चकत्या हलवण्याची वेळ मोटर जाम झाल्यावरच येते, आणि तेव्हाही एकाहून अधिक चकत्या असतील तर त्यांचा एकमेकींशी असलेला कोन यत्किंचितही बदलू न देता त्या उचलाव्या लागतात. दुकानाच्या काउंटरवर, पंख्याखाली झाकण उघडले की हवेतली धूळ चकतीवर बसते आणि हेडच्या उंचीच्या मानाने धुळीचा एक कण डोंगराएवढा असतो. आम्ही डिस्क उघडतो ती आयएसओ ५ दर्जाच्या गाळलेल्या हवेच्या प्रवाहात. तिथे एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२० चालतात.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर आणि काही वेळा आतही दव धरते, आणि ओल्या चकतीवर हेड फिरवले तर तेही आपटून मोडू शकते. त्याच मॉडेलचे सर्किट बोर्ड आणून बदलण्याचा उपायही आता चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या बोर्डावर एक छोटी रॉम चिप असते आणि तिच्यात त्याच डिस्कच्या हेडांसाठी कारखान्यात मोजलेली मूल्ये साठवलेली असतात. ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर नेल्याशिवाय डिस्क नीट चालत नाही.

अशी डिस्क माझ्याकडे आल्यावर काय होते, ते जरा तपशिलाने सांगतो, म्हणजे आपण जिथे डिस्क द्याल तिथे योग्य प्रश्न विचारता येतील. पहिली तपासणी वीज न जोडताच होते. झाकण उघडून मी सर्वांत आधी कोपऱ्यातली छोटी पांढरी गाळणी पाहतो. आतल्या हवेतले कण तिच्यावर अडकतात, त्यामुळे ती पांढरी असेल तर चकत्या बहुधा शाबूत असतात आणि ती करडी, चकाकत्या भुकटीने माखलेली असेल तर कुठेतरी चकती खरवडली गेली आहे हे आधीच कळते. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक हेड पाहतो. हेडचे टोक, ज्याला स्लायडर म्हणतात, एक मिलिमीटरहूनही लहान, म्हणजे तिळाहून छोटे असते. ते वाकलेले, तुटलेले किंवा धुळीने माखलेले आहे का, हे तिथे दिसते.

हेड निकामी असतील तर डोनर लागतो, म्हणजे त्याच कुळातली एक चांगली डिस्क, जिचे हेड काढून पेशंट डिस्कला लावायचे. नुसते मॉडेल जुळून भागत नाही. फर्मवेअरचे, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचे कुळ, हेडांची संख्या आणि रचना, हेडवरच्या प्रवर्धक चिपचा प्रकार आणि शक्यतो बनवल्याची जागा व महिना हेही जुळावे लागते. म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्क घेताना मी किमतीच्या आधी लेबल वाचतो. हेड काढताना त्यांची टोके एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कंगव्यासारखे साधन सरकवावे लागते आणि त्यांना चकतीवरून अलगद उतरवावे लागते. हे हाताचे काम आहे, आणि हात बसायला वर्षे लागतात.

हेड बदलल्यावर डिस्क चालू झाली म्हणून लगेच फाइल कॉपी करायला घेणे ही नवशिक्याची चूक असते. आधी रॉम आणि सर्व्हिस एरियाची प्रत घ्यायची. मग डिस्कची पार्श्वभूमीत चालणारी स्वतःची तपासणी, खराब सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) बदलण्याची सवय, हे सगळे पीसी-३००० सारख्या व्यावसायिक साधनाने बंद करायचे, कारण उसने हेड किती काळ टिकतील याची खात्री नसते आणि त्यांचा प्रत्येक मिनिट वाचनासाठीच खर्च व्हावा लागतो. २ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटांचे ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर असतात. ते सगळे सरळ ओळीने वाचत बसण्याऐवजी मी आधी फाइल सिस्टिमचा नकाशा वाचतो, डेटा असलेली जागा वेगळी काढतो, सशक्त हेडांनी वाचता येणारा भाग प्रथम उतरवतो आणि दुबळ्या हेडचा भाग शेवटी, कमी वेळेच्या मर्यादेत, अडेल तिथे पुढे उडी मारत वाचतो. हे सगळे दुसऱ्या निरोगी डिस्कवर सेक्टर-दर-सेक्टर प्रत म्हणून उतरते. फाइल शोधण्याचे काम त्या प्रतीवर होते, मूळ डिस्कवर कधीच नाही. केवळ काही सेक्टर खराब झालेल्या, पण हेड ठीक असलेल्या डिस्कसाठी हेच तत्त्व डीडीरेस्क्यू हे मुक्त साधन वापरते. ते सोपे भाग आधी घेते, अवघड जागा नोंदवून ठेवते आणि मधेच थांबवले तरी त्या नोंदीवरून पुढे सुरू करता येते.

आपल्या डिस्कबाबत आणखी एक गुंतागुंत संभवते. या आकाराच्या पोर्टेबल डिस्कांमध्ये जास्त जागा मिळवण्यासाठी ट्रॅक, म्हणजे डेटाच्या वर्तुळाकार ओळी, बहुधा घराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. कोणता डेटा प्रत्यक्षात कुठे आहे याची एक तक्ता-वही डिस्क स्वतः सांभाळते. लिहिणे चालू असताना डिस्क पडली, किंवा नंतर तिच्यावर लिहिण्याचा प्रयत्न झाला, तर ही वही विस्कटू शकते. मग हेड बदलूनही डिस्क ठिकठिकाणी नुसती शून्ये देते, आणि अननुभवी माणूस डेटा पुसला गेला असे सांगून मोकळा होतो. डेटा चकतीवर तसाच असतो. तक्ता पुन्हा जुळवता आला तर तो दिसू लागतो. हे काम वेळखाऊ आहे, पण अशक्य नाही, म्हणून एका ठिकाणी नकार मिळाला तर त्या नकाराचे नेमके कारण विचारा.

किती मिळेल? डिस्क न पाहता टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, म्हणून मीही सांगत नाही. मात्र काय कशावर अवलंबून आहे ते सांगू शकतो. समजा चार हेडांपैकी एका हेडखालची चकती खरवडली आहे आणि तीन बाजू वाचता आल्या. डिस्क मोठमोठे पट्टे एकेका हेडला आळीपाळीने देत लिहिते. त्यामुळे काही मेगाबाइटचा फोटो बहुधा एकाच पट्ट्यात मावतो आणि तो एकतर पूर्ण मिळतो किंवा पूर्ण जातो. कित्येक गिगाबाइटचा व्हिडिओ मात्र चारही बाजूंवरून जातो, म्हणून त्याला मधेमधे छिद्रे पडतात. अशा व्हिडिओतले शाबूत तुकडे वेगळे काढता येतात, पण अखंड चित्रफितीची अपेक्षा ठेवू नये. फाइलींच्या नावांची नोंदवही खराब भागात गेली असेल, तर फोटो त्यांच्या सुरुवातीच्या ठराविक बाइटांवरून ओळखून काढावे लागतात. ते नावांशिवाय मिळतात, पण फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख-वेळ असते आणि त्यावरून तीन लग्ने वेगळी करता येतात. मी निराश करत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतताना विखुरले, त्याच्या अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या हार्ड डिस्कमधून तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगाचा सुमारे ९९ टक्के डेटा नंतर काढता आला होता. चकत्यांचा तो भाग शाबूत होता, हेच त्याचे कारण. आपल्या डिस्कमध्ये हाच एक प्रश्न उघडून पाहायचा आहे.

प्रयोगशाळा निवडताना काही गोष्टी लेखी विचारा. डिस्क कुठे उघडली जाईल, काम त्याच ठिकाणी होते की पुढे पाठवले जाते, पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी आणि काही नमुने पाहायला मिळतील का, काहीच निघाले नाही तर किती आकारले जाईल, डोनर डिस्कचा खर्च त्यात धरला आहे का, आणि काम न केल्यास डिस्क न उघडलेल्या स्थितीत परत मिळेल का. हेड बदलण्याचे काम साध्या डिलीट झालेल्या फाइलींच्या कामापेक्षा अनेक पट महाग असते, आणि ते तसे असणे योग्यही आहे. फारच स्वस्तात करून देतो म्हणणारा माणूस बहुधा तेच सॉफ्टवेअर पुन्हा चालवणार असतो.

डिस्कचे बाहेरचे कव्हर, केबल आणि मूळ बोर्ड काहीही टाकून देऊ नका. अनेक पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबी सॉकेट थेट मुख्य बोर्डावरच असते. काहींमध्ये आपण पासवर्ड ठेवलेला नसला तरीही बोर्डावरची चिप सगळा डेटा कूटबद्ध करून लिहिते, आणि ती चिप हरवली तर उत्तम प्रत काढूनही हाती निरर्थक अंक उरतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधले डेटा कूटबद्ध करण्याचे साधन, लावले असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा.

डिस्क एखाद्याच्या हाती सोपवण्याआधी आणखी एक शोध घरच्या घरी घ्या, आणि तो आजच घ्या. त्या तीन लग्नांत वापरलेली मेमरी कार्डे कुठे आहेत? कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त यादी पुसतो, फोटो कार्डावर तसेच राहतात, आणि त्या कार्डांवर नंतर थोडेच चित्रीकरण झाले असेल तर उरलेले फोटो डिस्कच्या मानाने फार सहज निघतात. ती कार्डे तत्काळ वापरातून बाहेर काढा, त्यांच्यावर चिकटपट्टीने लग्नाची तारीख लिहा. लॅपटॉपवर लाइटरूम हे फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर असेल तर त्याचा कॅटलॉग पाहा. स्मार्ट प्रिव्ह्यू बनवलेले असतील तर लांब बाजूला २,५६० पिक्सेलपर्यंतच्या प्रती तिथे सापडतील, ज्यांवरून अल्बमची बरीच पाने छापता येतात. अल्बम डिझायनरकडे पाठवलेले फोल्डर, घरच्यांना दिलेला पेनड्राइव्ह, व्हिडिओ संपादकाच्या संगणकावरची प्रत, हेही विचारून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका छायाचित्रकाराचे निम्मे काम असेच बाहेर सापडले. मग प्रयोगशाळेला संपूर्ण डिस्कऐवजी एका लग्नाचे फोल्डर प्राधान्याने काढायला सांगता आले. उसन्या हेडांचे आयुष्य मोजके असते, त्यामुळे त्या एका फोल्डरचा फार उपयोग झाला.

डिस्क पाठवताना ती स्थिर-विद्युतरोधी पिशवीत घाला, चारही बाजूंनी किमान दोन बोटे जाडीचा फोम लावा, थर्माकोलचे सुटे मणी वापरू नका आणि शक्य असेल तर कुरिअरऐवजी स्वतः हातात घेऊन जा. सोबत एका कागदावर तारीख, ती कशी पडली, तेव्हा काय चालू होते, नंतर किती वेळा जोडली, दुकानदाराने कोणते सॉफ्टवेअर किती वेळ चालवले आणि कोणते फोल्डर सर्वांत आधी हवे आहे, एवढे लिहून द्या.